वाघदऱ्याचा प्रश्न

मुलाखतीच्या दालनाबाहेर पेढ्यांचा वास सुटला होता. संशोधनाची शिष्यवृत्ती महायंत्राला न सुटणाऱ्या प्रश्नालाच मिळायची. यंत्र 'माहीत नाही' म्हणालं, की उमेदवार बाहेर येऊन पेढे वाटायचा. पण तोच प्रश्न आधी कुणी यंत्राला विचारला असेल, तर तो बाद.

म्हणून शरयू मेश्रामचा प्रश्न वाघदरा गावाने दोन वर्षं जिवापाड जपला होता. गावातल्या माणसांच्या किडन्या का निकामी होतात, हे यंत्राला कुणीही विचारायचं नाही, अशी तंबीच सरपंचांनी दिली होती. गावातली पहिली पीएच.डी. होणार होती! शरयूच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हा तेही म्हणाले, "मी नाही विचारत. तू आधी डॉक्टर हो, मग पाहू."

आज शरयूने प्रश्न विचारला. पापणी लवायच्या आत पडद्यावर उत्तर उमटलं: शाळेमागच्या बोअरचं पाणी. पाण्याचे आणि रुग्णांचे सगळे अहवाल यंत्राकडे कधीपासूनच होते.

"दुर्दैव तुमचं," परीक्षक हळहळले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

शरयूने जिन्यातूनच घरी फोन लावला. "आई, शाळेमागच्या बोअरचं पाणी कुणी पिऊ नका. किडन्या त्यानेच जातात."

"अगं माय! कोणं शोधलं वं हे?"

"यंत्राने."

"कधी?"



"विचारलं तेव्हा," ती म्हणाली.