मेव्हण्याची करंजी

“ओट्यावरचं ताट कुठं गेलं गं?”

“ते टिपणिसांकडे देऊन आले. दिवाळीच्या दिवसांत कसला मेला अबोला!”

बायकोचं हे ऐकून मी कपाळाला हात लावला. त्या फराळातल्या एका करंजीत मी सारणाऐवजी लाल तिखट भरलं होतं, ते दुपारी येणाऱ्या मेव्हण्यासाठी! टिपणीस माझा शाळेपासूनचा दोस्त, पण पार्किंगवरून जुंपली आणि वर्षभर आम्ही जिन्यात समोरासमोर आलो तरी माना फिरवत होतो. त्यात आता हे. उरलीसुरली दोस्तीही गेली म्हणायची.

चपला न घालताच खाली पळालो. बेल दाबली, लगेच परत दाबली. आतून खोकल्याचा आवाज येत होता.

दार टिपणिसानंच उघडलं. नाक लाल, डोळ्यांतून धारा, हातात अर्धी करंजी.

“गाढवा!” तो खोकत ओरडला. “वर्षभरात माझी एकसुद्धा खोडी काढली नाहीस. मला वाटलं, कायमचं तोडलंस.”

मेव्हण्याचं नाव ओठांवर आलं होतं, ते मी तिथल्या तिथे गिळलं.

“अरे, खास तुझ्यासाठीच भरली होती,” मी बिनधास्त ठोकून दिलं.