शेवटची दहा पानं

तिच्या वाचनकट्ट्याचा नियम एकच: ज्याचं पुस्तक वाचून झालं नाही, त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. दरवेळी तिचा नवराच सापडायचा. "माझी शेवटची दहा पानं राहिली बुवा," म्हणत बाह्या सरसावून तो स्वयंपाकघरात पळायचा, आणि ती बाहेर मनसोक्त वाद घालायची. तो गेल्यानंतरची ही पहिली बैठक. तिला ना रडू येत होतं, ना भूक लागत होती. आज झाडून सगळ्यांचं पुस्तक संपलं होतं, तिचंही. चहा संपला. कट्ट्यातले घड्याळवाले काका सवयीने म्हणाले, "चला, कप कोणाकडे?" आणि त्यांनी जीभ चावली. तिने उगाच मागच्या बैठकीच्या पुस्तकाची नवऱ्याची प्रत उघडली. त्याच्या पेन्सिलीच्या रेघा शेवटच्या ओळीपर्यंत होत्या. त्याची जुनी पुस्तकं चाळली, सगळ्यांत तेच. कप गोळा करत ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. माझी शेवटची दहा पानं राहिलीत."