टायरचा फुगा

टायरवाल्या बाबालालनं टायरच्या कडेवर अंगठा दाबला. "वहिनी, इथं फुगा आलाय. आतले धागे तुटलेत, घाटात कधीही फुटेल."

"नक्षी तर शाबूत आहे की!" हे गाडीतूनच म्हणाले. यांच्या उपचारांचा दवाखाना घाटापलीकडे, आणि गाडी आता मीच चालवायचे.

"मास्तर, नक्षीची काय रांगोळी काढायचीय?" म्हणत त्यानं नवा टायर आणला. मी चष्मा लावून कडेवरचे चार आकडे वाचले. टायर कधी बनला ते त्यात असतं. "हा चार वर्षं नुसता पडून आहे. रबर म्हातारं झालं याचं. ताजा आणा."

"टायर घेताय की मेथीची जुडी?" बाबालाल हसला, पण आतून मागच्या महिन्यातला घेऊन आला. "आता पाच वर्षं बघायला नको."

"पाच वर्षं!" हे हसले. "अगं, डॉक्टरांनी मला दोन महिने दिलेत. तेवढे तो जुनाच ओढेल."

बाबालालनं मान खाली घातली.

"अहो, शेवटच्या खेपेला परत येताना गाडीत मी एकटीच असणार," मी म्हटलं.

यांनी खिडकीतून वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबालाल, चारही बदल."