आठ जणांचं जेवण

"साडेचार किलो कमी!" वजनताईंनी काट्याकडे पाहून जाहीर केलं. "तेही सहा आठवड्यांत. बघा, शिका जरा!"

अकरा बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिवणवाली काट्यावरून उतरली आणि चपला घालायला वाकली. स्कर्ट कमरेत पुन्हा सैल झाला होता. लोकांचे कपडे आत घ्यायचे, सैल करायचे, हाच तिचा धंदा; स्वतःचा स्कर्ट तिने महिन्यात दोनदा आत घेतला होता.

"काय करता काय हो तुम्ही?" कुणीतरी विचारलं. "आम्हालाही सांगा की!"

ती हसून दुसरी चप्पल घालू लागली.

वजन उतरवायचा हा वर्ग दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. तो चालवणाऱ्या काटकुळ्या बाईंना वजनताई हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण आता त्याही त्या नावाला ओ देत. नाताळच्या आधीचा हा शेवटचा गुरुवार. नाताळच्या जेवणाला काय काय करणार ते प्रत्येकीने लिहून आणायचं, वाचून दाखवायचं, आणि ताईंनी लाल पेन्सिलीने त्याला कात्री लावायची, असं ठरलं होतं.

पहिली उठली ती बसवाली. शहर बसची ड्रायव्हर, चांगली दणकट बाई. कामावरचं जाकीट अजून अंगातच होतं. "तेरा माणसं," तिने सुरुवात केली. "भाजलेल्या कोंबड्या दोन. लोण्यातले बटाटे. पुडिंग. केक दोन. एक माझ्या हातचा, आणि एक सासूबाईंचा, कारण माझा त्यांच्या घशाखाली उतरत नाही."

खोली हसली. ताईंनी लोणी कापलं, पुडिंग कापलं. "अहो, कापा हवं तेवढं," बसवाली खाली बसत म्हणाली. "मला वास घेतला तरी अंगाला लागतं!"

मग तिच्या शेजारी बसलेल्या शिवणवालीची पाळी आली.

तिच्या वहीत दोनच ओळी होत्या. सूप. पाव, एक. काल त्या लिहिल्यावर पुढे काही सुचलंच नव्हतं. तिने त्या ओळींकडे पाहिलं, पान उलटलं आणि कोऱ्या पानावर नजर ठेवून ती वाचू लागली.

"आम्ही आठ जण असतो. मोठे दीर येतात, जाऊबाई येतात, त्यांची मुलं. कोंबडी मी आदल्या दिवशीच मसाला लावून ठेवते. दिरांना बटाटे कडेने करपलेले लागतात. मुलांना केकवरचं नुसतं क्रीम हवं असतं, केक राहतो बाजूला. जाऊबाई नको नको म्हणतात आणि दोनदा घेतात."

बोलता बोलता तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ती दचकलीच. कितीतरी दिवसांत तिला भूक अशी लागलीच नव्हती.

"बाप रे," वजनताई म्हणाल्या. "एवढ्या गोतावळ्यात तोंडावर ताबा ठेवायचा म्हणजे कठीण. नीट ऐका. स्वतःचं ताट सगळ्यांत शेवटी वाढून घ्यायचं. ताटली लहान घ्यायची. आणि सारखं बोलत राहायचं. बोलणारा माणूस कमी जेवतो."

शिवणवालीने कोऱ्या पानावर लिहून घेतलं: बोलत राहणे. बसवालीची नजर त्या पानावर होती.

वर्ग सुटला. दोघी जिना उतरून बसथांब्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"मोठे दीर काय करतात तुमचे?" बसवालीने विचारलं.

"कोणते?" शिवणवाली म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

बसवाली हसली नाही. रस्त्याकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे तेरा माणसं. सगळ्यांना वाढून होईस्तोवर माझं गार होतं. कुणी बस म्हणत नाही हो. म्हणून नाताळच्या दुपारची फेरी मी मागून घेते. घरी सांगते, साहेबांनी लावली."

"मग जेवता कधी?"

"शेवटच्या थांब्यावर. तिथे वीस मिनिटं थांबायचं असतं. गाडीत चिटपाखरू नसतं. पाय पसरून बसते आणि डबा खाते." तिने जाकिटाची चेन वर ओढली. "तुम्ही या."

"माझ्याकडे पाहुणे..."

"हो ना. आठ जण." बसवालीने अगदी गंभीरपणे मान डोलावली. "त्यांना सांगा, जरा पाय मोकळे करून येते. एवढ्याने कुणी रुसत नाही."

शिवणवालीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग विचारलं, "काय आणू?"

"काहीही. सूप मात्र नको, वळणावर सांडतं."

तेवढ्यात शिवणवालीची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि मग तिला आठवलं की वेळ विचारायची राहिलीच. काच उघडेना. तिने आतूनच मनगटावर बोट आपटून दाखवलं.

फुटपाथवरून बसवालीने दोन बोटं वर केली.

शिवणवालीनेही दोन बोटं वर केली. बस निघाली, कोपऱ्यावर वळली, तरी तिचा हात काचेशी तसाच होता.