अंगाऱ्यापुरती दोन मिनिटे

"थांबा!" अक्कासाहेबांनी हात वर केला आणि यजमानांचे स्ट्रेचर उपचारखोलीच्या दारातच थांबले. मेंदूतल्या गाठीवरचा आयन-किरणांचा उपचार आटोपला, की आधी कपाळी कुलदेवतेचा अंगारा, हा त्यांचा नेम होता.

"किरणांनी शरीरात सोडलेली खूण काही मिनिटांत विझते, अक्कासाहेब," तंत्रज्ञ मुलगी रोज विनवी. "तेवढ्यात पेट स्कॅन झाला, तरच किरण गाठीपाशी थांबले की पुढे गेले, ते कळतं."

"देवासाठी दोन मिनिटं जड झाली?" म्हणत त्या सावकाश स्तोत्र पुरे करीत. स्कॅनची चित्रे फिकट येत राहिली.

नवव्या दिवशी तापाने त्या घरीच राहिल्या आणि चित्र स्वच्छ आले. किरण गाठ ओलांडून उजव्या डोळ्याच्या नसेपर्यंत पोहोचत होते. मोजमाप तत्काळ सुधारले गेले. गाठ गेली, पण आधीच्या आठ दिवसांत नसेला झालेल्या इजेने वर्षभराने तो डोळाही गेला.

आज देवघरापाशी यजमानांनी सवयीने कपाळ पुढे केले. "तुझ्या अंगाऱ्यानंच तरलो मी," ते म्हणाले.

अक्कासाहेबांची चिमूट हवेतच राहिली. साऱ्या घराला धाकात ठेवणाऱ्या त्या आवाजाला एवढेही सांगता आले नाही, की डोळा त्याच अंगाऱ्यापायी गेला.