साती नद्या, एक बादली

बादलीची कडी खणकन आदळली, तेवढाच काय तो घरात आवाज. अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन आठवडे सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. "बोलल्या तर याच महिन्यात बोलतील," डॉक्टर म्हणाले होते. शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या सासूबाई रोज अंघोळीआधी बादलीत बोट बुडवून साती नद्यांना हाका मारायच्या, घरबसल्या तीर्थस्नान! आता सून त्यांना स्टुलावर बसवून मुकाट्याने तांब्या ओतायची.

आज चार वर्षांची नात दारात येऊन उभी राहिली. "अगं आई, नद्यांना बोलावलंच नाहीस!" म्हणत तिनेच बादलीत बोट घातलं. "गंगा ये, यमुना ये, सरस्वती ये, नर्मदा ये, सिंधू ये, कावेरी ये. झालं!"

सासूबाईंच्या कपाळावर आठी उमटली. ओठ थरथरले.

"गो... गोदावरी राहिली."

सुनेच्या हातातला तांब्या निसटला. तिने सासूबाईंना तशाच ओल्या अंगाने घट्ट मिठीत घेतलं. उरावरचा धोंडा उतरला होता. हसावं की रडावं, तिला कळेना.

तेवढ्यात नातीने तिची ओढणी ओढली.

"आई, मग उद्या कुठली विसरू?"