कठड्याशी

चर्चच्या कठड्याशी प्रभुभोजनासाठी गुडघे टेकले, तेव्हा उठायचं कसं याचा विचार रूथबाईंनी केलाच नव्हता. इतकी वर्षं उठताना नवऱ्याचा हात असायचा. तो गेल्यानंतरचं हे पहिलंच प्रभुभोजन.

भाकर झाली, प्याला झाला. "प्रभू, मला तुझ्याजवळ घे," असं नेहमीसारखं पुटपुटून त्या उठू लागल्या, तर गुडघा उचलेना. मागची रांग खोळंबली.

डावीकडून एक हात पुढे आला. बांधाच्या भांडणापासून चार वर्षं ज्या धाकट्या जावेशी त्या बोलल्या नव्हत्या, तिचा. रूथबाईंनी तो नुसता पाहिला. मग धरला.

"सावकाश, अक्का," जाऊ म्हणाली.

महिनाभर तेल चोळून गुडघा मोकळा झाला. तरी पुढच्या प्रभुभोजनाला रूथबाई जावेशेजारीच टेकल्या आणि उठताना त्यांनी हात पुढे केला.